वाड्यावर चार दिवस: मंडळीच्या आरोग्य आणि बांधकाम सेवेची तयारी कशी करावी

जानेवारी तोंडावर आला की आमच्या चर्चच्या मंडळीतली पोरं उपासना सुटल्यावर पायरीवरच गाठतात. "दादा, यंदा कुठला वाडा?" गेली कित्येक वर्षं कोल्हापुरातून आमची पंधरा-वीस जणांची टीम शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरीच्या डोंगरातल्या धनगरवाड्यांवर, म्हणजे गवळी धनगरांच्या वस्त्यांवर, चार-पाच दिवसांसाठी जाते. टीममध्ये डॉक्टर, नर्स, कॉलेजची मुलं आणि घरातली हातात कसब असलेली माणसं असतात. एकीकडे रुग्ण तपासायचे आणि दुसरीकडे गावाला हवं ते काहीतरी बांधायचं. आता इचलकरंजी, गडहिंग्लज, सांगलीकडच्या मंडळ्यांतूनही फोन येतात, आम्हालाही जायचंय, सुरुवात कुठून करायची? प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढतोय.

पहिली गोष्ट, सुरुवात आधीच्या मे महिन्यात करायची. जानेवारीत फक्त जायचं असतं.

आपल्या भागात ही सेवा नवी नाही. मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले. डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये भारतात आले आणि १८९४ साली मिरजेत त्यांनी दवाखाना उभा केला. ही माणसं इथली भाषा शिकली, वर्षानुवर्षं इथेच राहिली, इथल्याच पोरांना हाताशी धरून काम शिकवलं. आपण चार दिवसांसाठी जातो. तेवढ्यात त्यांच्यासारखं काम उभं राहत नाही, हे टीमला पहिल्या बैठकीतच सांगावं. चार दिवसांत जे करू ते सांभाळणारं कोणीतरी वाड्यावर, उपकेंद्रात, ग्रामपंचायतीत आधीच असावं लागतं. सगळी तयारी त्या माणसांना शोधण्याची आहे.

बोलावणं

आधी गाव निवडून मग "तुमच्यासाठी काय करू" म्हणत गेलो की लोक भिडेखातर काहीही सांगतात. आमचं पहिलं काम असंच झालं. आम्ही ठरवलं की वाड्यावर शौचालयं बांधायची. चांगली बांधलीही, रंग दिला, फोटो काढले. पुढच्या वर्षी गेलो तर आत वाळलेली लाकडं रचलेली होती. एक आक्का म्हणाली, "दादा, प्यायचं पाणी अर्ध्या तासावरनं डोक्यावर आणतोय. त्यात तिथं वतायला कुठलं आणू?" तिचं म्हणणं खरं होतं. पाण्याचं आम्ही विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून आम्ही दोनदा रिकाम्या हाताने जातो, दोघं-तिघंच. एकदा मे महिन्यात, पाण्याची सगळ्यात ओढ असते तेव्हा. दुसऱ्यांदा पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरात. सोबत त्या भागातली आशाताई किंवा शाळेचे गुरुजी असावेत, कारण लोक त्यांना ओळखतात. वाड्यावर जाऊन चहा घ्यायचा, म्हशींची चौकशी करायची, आणि बायका पाणी भरतात तिथपर्यंत त्यांच्यामागून चालत जायचं. त्या वाटेवर जेवढं कळतं तेवढं बैठकीत कळत नाही. बैठक घ्यायचीच, पण बायका बोलतील अशा वेळी आणि अशा जागी. ओट्यावर बाप्ये बसले असतील तर त्या दारातनंच ऐकून परत जातात.

धनगरवाड्यांचं रोजचं वेळापत्रक धारेवर, म्हणजे दूध काढण्याच्या वेळेवर, चालतं. सकाळची धार झाली की माणसं ढोरं घेऊन रानात जातात, ती दिवस मावळताना परततात. म्हणून दहा ते चार असं शहरी शिबिर ठेवलं तर राखणीला गेलेला एकही माणूस तपासला जात नाही. आम्ही संध्याकाळच्या धारेनंतर एक-दीड तास वेगळा ठेवतो. बॅटरीचे दिवे न्यावे लागतात, पण बहुतेक पुरुष तेव्हाच येतात.

तुमची मंडळी रायगडकडच्या कातकरी वाड्यांवर जाणार असेल तर आणखी एक गोष्ट. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. दुसऱ्या दोन म्हणजे कोलाम आणि माडिया गोंड. दिवाळी झाली की कित्येक कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर आणि कोळसा पाडायला बाहेर पडतात, ती पावसाच्या तोंडाला परततात. जानेवारीत गेलात तर निम्म्या घरांना कुलूप दिसेल. तिथं ऑक्टोबरात जा, नाहीतर सरळ भट्टीवर शिबिर घ्या. पेणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला आधी भेटा. आपल्याकडचे गवळी धनगर सरकारी यादीत भटक्या जमाती (क) मध्ये येतात, आदिवासींच्या यादीत नाहीत. त्यामुळे आदिवासींच्या योजना त्यांना लागू होतील असं गृहीत धरून वाड्यावर काही कबूल करू नका.

कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण यातलं एकही गाळू नका.

ग्रामपंचायतीचं पत्र लागतं. कामाला ग्रामसभेत मान्यता मिळाली तर उत्तमच. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना स्वतः जाऊन भेटा. डोंगरी भागात साधारण २०,००० लोकसंख्येमागे एक आरोग्य केंद्र आणि ३,००० मागे एक उपकेंद्र असा निकष आहे. म्हणजे ज्या सिस्टरकडे तुमचा वाडा आहे तिच्याकडे डोंगरात विखुरलेल्या अशा कितीतरी वस्त्या असतात. तिला विचारून तारीख ठरवा. तिचा लसीकरणाचा दिवस आणि तुमचं शिबिर एकत्र आलं तर तिची एक फेरी वाचते.

तपासणारा प्रत्येक डॉक्टर नोंदणीकृत हवा, नोंदणी क्रमांकाची यादी अर्जासोबत जोडा. परदेशातून पाहुणे डॉक्टर येणार असतील तर इथल्या परवानगीशिवाय त्यांना रुग्ण तपासता येत नाहीत, आणि पर्यटक व्हिसावर आलेल्यांना धर्मप्रचाराचं कामही करता येत नाही. ते पाट्या वाहू लागले तर आनंदच आहे. परदेशी देणगी घ्यायची तर संस्थेची एफसीआरए नोंदणी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा एका संस्थेने दुसरीला देता येत नाही. आम्ही सगळा खर्च मंडळीच्या दानातून करतो. त्यामुळे हिशोबही सोपा राहतो आणि मनही मोकळं राहतं.

सोनोग्राफीचं हलवता येणारं मशीन कोणी देऊ केलं तरी नेऊ नका. गर्भलिंग निदानाच्या कायद्याखाली नोंदलेल्या जागेबाहेर ते वापरणं हा गुन्हा होऊ शकतो. शिबिरातल्या सुया, कापूस, रक्ताच्या पट्ट्या यांनाही २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम लागू आहेत. सुयांसाठी जाड डबा, बाकीच्यासाठी रंगीत पिशव्या घ्या आणि सगळं परत आणून आपल्या हॉस्पिटलच्या कचऱ्यात द्या. वाड्याच्या उकिरड्यावर एक सुई राहिली तरी ती अनवाणी पायात जाते.

वाडा वनहद्दीत किंवा अभयारण्यात असेल तर वनखात्याला विचारल्याशिवाय एक चिराही लावू नका. २००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ३(२) खाली पिण्याचं पाणी, जलवाहिनी, अंगणवाडी, शाळा, दवाखाना अशा सोयींसाठी एक हेक्टरच्या आत वनजमीन मिळू शकते, पण त्याला ग्रामसभेची शिफारस लागते. हा अर्ज गावाने करायचा असतो. तुम्ही तो लिहून द्यायला मदत करू शकता, आणि माझ्या मते कधीकधी तेवढीच मदत सगळ्यात मोठी ठरते.

बांधकाम: झरा बंदिस्त करणं

आमचं सगळ्यात जास्त काम झऱ्यावर झालं आहे, म्हणून तेच नीट सांगतो.

मे महिन्यात झरा मोजायचा. पंधरा लिटरची बादली, मोबाईलचं घड्याळ आणि एक वही एवढंच लागतं. पाणी एका नळीतून किंवा पन्हाळीतून एकत्र पडेल असं करा, बादली तीनदा भरा, सरासरी काढा. समजा बादली तीन मिनिटांत भरली. म्हणजे मिनिटाला ५ लिटर, दिवसाला ७,२०० लिटर. वाड्यावर अठरा घरं, नव्वद माणसं. जलजीवन मिशनच्या हिशोबाने माणशी ५५ लिटर धरले तर ४,९५० लिटर लागतात. उरलेल्या २,२५० लिटरवर म्हशी भागवायच्या. एक म्हैस दिवसाला पन्नास-साठ लिटर सहज पिते, म्हणजे पस्तीस-चाळीस म्हशींचं पाणी झालं. दिवसाचा हिशोब जमतो, पण सगळ्यांना पाणी सकाळी एकदमच हवं असतं. रात्रीच्या दहा तासांत मिनिटाला ५ लिटरने ३,००० लिटर साठतं. टाकी तेवढ्याची करायची: आतून दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद, पाण्याची उंची एक मीटर, वर वीतभर मोकळी. याहून मोठी टाकी बांधली तर ती उन्हाळ्यात भरतच नाही आणि पैसे दगडात जातात.

झऱ्याचा डोळा, म्हणजे पाणी खडकातून जिथून फुटतं ती जागा, हाताने मोकळी करायची. पहार जपून वापरा, सुरुंग तर कधीच नको. मऊ गाळ काढत काढत कठीण थरापर्यंत जा. डोळ्यात हात घातला की गार पाणी कुठल्या बाजूने बोटांवर येतं ते कळतं. त्या बाजूला धुतलेले दगड, त्यावर खडी असं भरायचं, वरून चिकणमातीने दाबून बंद करायचं, आणि पुढे भिंत घ्यायची. भिंतीतून पाणी पाइपने खालच्या टाकीत उतरतं.

इथे एक चूक जवळपास प्रत्येक नवी टीम करते. डोळ्यापुढची भिंत उंच घेतात, म्हणजे पाणी जास्त साठेल. पाणी डोळ्याच्या वर चढलं की झऱ्यावर उलटा दाब येतो, आणि खडकात दुसरी फट सापडली की झरा तिकडून निघून जातो. मग शंभर वर्षं वाहणारं पाणी आपल्या हाताने घालवलं असं होतं. म्हणून बाहेर जाणारा पाइप आणि जादा पाण्याचा पाइप, दोन्ही डोळ्याच्या पातळीच्या खालीच ठेवायचे. जादा पाणी म्हशींच्या हौदात सोडा, आणि हौद झऱ्यापासून लांब, उताराच्या बाजूला. वरच्या अंगाला आठ-दहा मीटरवर एक चर मारा, म्हणजे पावसाचं गढूळ पाणी बाजूने निघून जाईल. चराच्या आत ढोरं येऊ नयेत म्हणून कुंपण घाला. बांधकाम चालू असताना बायकांचं पाणी थांबता कामा नये, त्यासाठी तात्पुरता पाइप पहिल्याच दिवशी टाका.

जिथे जांभा मिळतो तिथे भिंती चिऱ्याच्या घ्या, तो डोंगरात चढवावा लागत नाही. आतून सिमेंट-वाळू १:३ चा गिलावा दोन थरांत, वॉटरप्रूफिंग पावडर घालून. काँक्रीटला एका पन्नास किलोच्या पोत्यामागे २५ ते ३० लिटर पाणी पुरतं. शहरातली पोरं मिश्रण ओढायला सोपं जावं म्हणून भसाभस पाणी ओततात, तिथे गवंड्याने ओरडलंच पाहिजे. टाकीचं झाकण एकसंध स्लॅब न करता जमिनीवरच अरुंद तुकड्यांत ओता, सळई घालून. ते नंतर चार माणसं उचलून ठेवू शकतात आणि टाकी धुवायला काढूही शकतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आज बाजारात मिळणारं बहुतेक सिमेंट पीपीसी (राख मिसळलेलं) असतं आणि त्याला किमान दहा दिवस पाणी मारावं लागतं. आपण चार दिवस असतो. एका वर्षी आम्ही शेवटच्या दिवशी गिलावा संपवला, टाकीपुढे उभे राहून प्रार्थना केली आणि गाडीत बसलो. पाणी कोण मारणार हे कोणालाच नेमून दिलं नव्हतं. महिन्याभरात कोपऱ्यांना केसासारख्या भेगा, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर टाकी गळू लागली. गवंड्याची चूक नव्हती. आता आम्ही पाया आणि भिंती डिसेंबरातच स्थानिक गवंड्याकडून करून घेतो, रीतसर मजुरी देऊन. जानेवारीच्या टीमकडे गिलावा, झाकणाचे तुकडे, पाइपचा चर आणि हौद एवढंच राहतं, आणि ते पहिल्या दोन दिवसांतच ओतलं जातं. जुन्या गोणपाटाची पोती न्यायची, गिलाव्यावर ओली करून टांगायची, आणि वाड्यावरच्या दोन घरांना दहा दिवसांची पाणी मारायची मजुरी आगाऊ द्यायची. तारखा कोळशाने भिंतीवरच लिहून ठेवतो, झाल्या की खोडायच्या.

टाकी पहिल्यांदा भरली की साधारण ३,००० लिटरला अर्धा किलो ताजी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर बादलीत कालवून वरचं निवळ पाणी ओता, रात्रभर ठेवा, सकाळी सगळं सोडून द्या. ते पाणी ओढ्यात जाऊ देऊ नका. त्या रात्री कोणी पिणार नाही हे घरोघरी जाऊन सांगा. पुढची ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघणं, गावच्या जलसुरक्षकाने करायची असते. त्याला उद्घाटनाला नुसतं बोलावू नका, टाकी भरताना तिथे उभं करा.

पाणी दारात आल्यावर शौचालयाची मागणी आपोआप येते. तेव्हा दोन खड्ड्यांचं करा. साधारण मीटरभर व्यासाचे आणि मीटरभर खोल, दोन खड्ड्यांत मीटरभर अंतर, भिंतीला जाळीसारखी भोकं, तळ कच्चा. एक भरला की वळवणीच्या टाकीतून दुसरा चालू करायचा. झरा किंवा विहीर निदान दहा मीटर लांब आणि वरच्या अंगाला हवी. स्वच्छ भारत योजनेतून पात्र घराला १२,००० रुपये मिळतात. तो अर्ज भरून देणं हेही आपल्याच कामात धरा.

शहरातल्या पोरांनी वाड्यावर गवंडीकाम करू नये असं माझं ठाम मत आहे. त्यांनी बिगारी व्हावं. स्थानिक गवंड्याच्या हाताखाली घमेली द्यावीत, पाणी आणावं, पोतं दोघांत उचलावं. आपल्या इंजिनिअर मुलाला गवंडी म्हणतो, "बाळ, ओळंबा धर," आणि तो धरतो, तेव्हा त्या वाड्यावर आपलं नातं सरळ होतं.

आरोग्य शिबिर

एका डॉक्टरला दिवसाला चाळीस-पन्नासच रुग्ण धरा. त्याहून जास्त झाले की नुसत्या गोळ्या वाटणं चालतं. रांग अशी: नाव नोंदणी, वजन-उंची-रक्तदाब, रक्ताची टोचणी, डॉक्टर, औषधं. औषधांच्या टेबलावर फार्मासिस्टच हवा. बायकांसाठी बाई डॉक्टर आणि आडोसा असल्याशिवाय शिबिर घेऊ नका.

नोंदणीला बसणाऱ्या मुलांना वाड्यावरची भाषा आधी शिकवा. "अंगावरनं जातंय" म्हणजे काय, "डोळ्यापुढं अंधारी येतीया", "धाप लागतीया", "कणकण", "हातापायाला मुंग्या", "कंबर धरलीया". एखादी बाई चारचौघांत "अशक्तपणा हाय" एवढंच सांगते आणि खरं दुखणं आडोशात गेल्यावर निघतं. कागदावर तिचे शब्द तसेच लिहा.

सगळ्यात जास्त सापडतो तो रक्तक्षय. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदर बाईचं ११ च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या. ७ च्या खाली असेल तर गोळ्या देऊन मोकळं व्हायचं नाही, तिला त्याच आठवड्यात दवाखान्यात पोचवायचं. गोळी चहाबरोबर घेऊ नका आणि शौचाला काळं होतं, घाबरू नका, या दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पाकीट देऊ नका. नाहीतर चौथ्या दिवशी गोळ्या बंद होतात. जंताची ४०० मिलिग्रॅमची अल्बेंडाझोल (एक ते दोन वर्षांच्या मुलांना अर्धी) देण्याआधी शाळेत नुकतीच दिली आहे का ते विचारा. १० फेब्रुवारीला जंतनाशक दिन असतोच. खरूज एका मुलाला दिसली तर मलम सगळ्या घराला एकाच रात्री लावायचं, आठवड्याने परत, आणि वाकळी उन्हात टाकायच्या.

मिश्री हा वेगळा विषय आहे. कित्येक आया-आज्या सकाळी आणि दुपारी भाजलेल्या तंबाखूने दात घासतात आणि ती दातांसाठी चांगली असते असं समजतात. तोंड उघडायला सांगा, तीन बोटं आडवी मावतात का बघा, गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा आहे का बघा. रागावू नका. आरसा द्या आणि तिचा चट्टा तिलाच दाखवा.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी. क्षयाचं निदान झालं की औषध मोफत आहे आणि नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात, हे रुग्णाला सांगा. पैशाच्या काळजीने लोक तपासणीच टाळतात. बधिर, फिकट चट्टा दिसला तर कुष्ठरोगाची शंका धरून आरोग्य केंद्रात पाठवा, त्याचंही औषध मोफत आहे.

रक्तदाबाची गोळी सुरू करताना आमच्या डॉक्टरांचा नियम आहे: जी गोळी आरोग्य केंद्रात मिळते तीच लिहायची. शहरातली महागडी गोळी महिनाभर फुकट देऊन निघून येणं हे त्या माणसाला धोक्यात टाकणं आहे. गोळी संपते, दाब पुन्हा चढतो, आणि तो म्हणतो, मी औषध घेतलं होतं की. तसंच "सुई टोचा, सलाईन लावा" या मागणीला नम्रपणे नाही म्हणा. औषधांची मुदत निदान वर्षभर शिल्लक हवी. डॉक्टरांकडे पडलेल्या सॅम्पलच्या पट्ट्या गोळा करून नेऊ नका. पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढा, वाचता न येणाऱ्यालाही कळतं.

चष्मे भरपूर न्या. चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं होतं, त्याला +१ ते +३ पर्यंतचे साधे चष्मे पुरतात. गेल्या वर्षी एका आजीला अक्षरं वाचता येत नव्हती, म्हणून आमच्या नर्सताईने तिला सुई-दोरा दिला. +२ लावला, दोरा दोनदा चुकला. +२.५ लावला. तिने दोरा ओठात ओला केला, सुई उजेडाकडे धरली आणि एका झटक्यात ओवला. मग कोणाशीही न बोलता उठली, घरात गेली आणि अर्धवट राहिलेली वाकळ घेऊन ओट्यावर शिवत बसली. आता आम्ही डोळे तपासायला सुई-दोराच नेतो.

टीममधल्या प्रत्येकाने धनुर्वाताची लस घेतलेली असावी. संध्याकाळनंतर एकट्याने वाटेला लागायचं नाही. राधानगरी-दाजीपूरकडे गवे वाटेवर उभे असतात. साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही. पाय हलू न देता उचलून गाडीपर्यंत, आणि प्रतिसर्पविष असलेल्या दवाखान्यात. आपल्याकडचं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. १०८ ला फोन लागेल अशी रेंजची जागा पहिल्या संध्याकाळीच शोधून सगळ्यांना दाखवा, आणि शेवटच्या वडापची (शेअर जीपची) वेळ लिहून ठेवा.

प्रार्थना

आम्ही येशूच्या नावाने जातो, हे लपवत नाही. विचारलं तर सरळ सांगतो की आम्ही कोल्हापूरच्या ख्रिस्ती मंडळीतले. पहाटे सगळे उठायच्या आधी आमची आमची उपासना होते, तिथे त्या दिवसाच्या रुग्णांची नावं घेऊन प्रार्थना करतो. पण शिबिराच्या जागेत पत्रकं नाहीत, गाणी नाहीत, औषधाच्या रांगेत प्रार्थना नाही. आजारी माणूस टेबलापुढे उभा असतो तेव्हा त्याला नाही म्हणता येत नाही. त्या अवस्थेत त्याच्याकडून मान डोलवून घेणं मला प्रभूपुढे उभं राहून सांगता येणार नाही. "प्रार्थनेने बरे व्हाल, गोळी बंद करा" असं टीममधलं कोणी बोललं तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवतो. एखाद्या आईने स्वतःहून सांगितलं, माझ्या पोरासाठी तुमच्या देवाला सांगा, तर औषध देऊन झाल्यावर, बाजूला, तिच्या घरच्यांसमोर दोन वाक्यं. वाड्याच्या देवळापुढे पायताण काढायचं, त्यांच्या जत्रेच्या दिवसांत शिबिर ठेवायचं नाही. रुग्णांचे फोटो काढायचे नाहीत. टाकीचा काढा.

परतल्यावर

पुढे पाठवायच्या रुग्णांची चिठ्ठी तीन प्रतींत: एक रुग्णाला, एक आशाताईला, एक आपल्याकडे. "सीपीआरला जा" (कोल्हापूरचा मोठा सरकारी दवाखाना) असं लिहून काही होत नाही. कुठल्या दिवशी, कोणत्या गाडीने, सोबत कोण, कोल्हापुरात उतरल्यावर कोण भेटणार, हे चिठ्ठीवर हवं. आमच्या महिला मंडळातल्या चार जणी आळीपाळीने स्टँडवर जाऊन रुग्णाला घेतात, केसपेपर काढून देतात, महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार तपासतात, दुपारचा डबा देतात. त्या कधी वाड्यावर आलेल्या नाहीत, पण सेवेचा अर्धा भार त्यांनीच उचलला आहे. बायबलमधल्या दाखल्यात शोमरोनी माणसाने वाटेत सापडलेल्या जखमीला उतारशाळेत पोचवलं, त्याच्या खर्चाचे पैसे दिले आणि परत येताना हिशोब पुरा करतो म्हणाला. आमच्या बैठकीत मी त्या उतारशाळेवाल्याबद्दल नेहमी विचारतो: यंदा आपला तो कोण? नाव सांगता आलं नाही तर तारीख पुढे ढकलतो.

पैशांचेही आधीच तीन भाग करा. बांधकाम, शिबिर आणि परतल्यानंतरचं वर्ष. तिसऱ्या भागाला लोक हात आखडता घेतात, पण पाइप फुटतो तो ऑगस्टात, आणि एखाद्याचं ऑपरेशन ठरतं ते एप्रिलमध्ये. वाड्यावरच्या दोघांना, त्यातली एक बाई, पाइप जोडायला शिकवा आणि जादा तुकडे, कपलिंग, करवत त्यांच्याच घरी ठेवून या.

पंधरा दिवसांनी दोघांनी जायचं: झाकणाचे तुकडे टाकीवर बसवायचे, गिलावा बघायचा, चिठ्ठ्या दिलेल्यांपैकी कोण गेलं नाही त्याचं दार वाजवायचं. तीन महिन्यांनी रक्तदाब आणि हिमोग्लोबिन पुन्हा. आणि मे महिन्यात तीच पंधरा लिटरची बादली घेऊन झऱ्यावर जायचं, तीनदा भरायची, आणि वहीत गेल्या मेच्या आकड्याखाली नवा आकडा लिहायचा.